दगडातील शब्दसंग्रह : मुंबईच्या कोट विभागातील वास्तुशिल्पांचे पायी वाचन

मुंबईच्या कोट विभागातून रोज लक्षावधी माणसे पायी ये-जा करतात. त्यांच्या मस्तकांवर, वीस ते दोनशे फूट उंचीवर, दगडी मोर, माकडे, मगरी, पगडीधारी गृहस्थ, पंख असलेल्या स्त्रिया आणि दाढीवाले दाते ह्यांची एक दुसरीच वस्ती आहे. ही वस्ती वाहनातून दिसत नाही. नकाशावरही ती नसते. ती पाहावयाची तर महात्मा फुले मंडईपासून विद्यापीठाच्या मनोऱ्यापर्यंतचे सुमारे दोन किलोमीटर अंतर सावकाश, थांबत थांबत आणि मान वर करून चालावे लागते. एक साधी दुर्बीण बरोबर असल्यास उत्तम. असे चालणे हा हौशी माणसाचा छंद समजला जातो. तथापि अशा शोधातून जे हाती लागते त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकानेही करावा इतके ते महत्त्वाचे आहे; कारण ही शिल्पे सुटी नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या जागांवर कोणी यावे ह्याचे नियम आहेत, आणि कोणाला नावानिशी यावयाचे व कोणाला केवळ जातीने, ह्याचेही आहेत.

एवढी शिल्पे एवढ्या थोड्या जागेत आली कशी, हे आधी पाहिले पाहिजे. बार्टल फ्रिअर हा १८६२ ते १८६७ ह्या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकीर्दीत कोटाची तटबंदी पाडण्यात आली व मोठी मोकळी जमीन हाती आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांकडे अकल्पित पैसा आला. १८६५ मध्ये हा फुगा फुटला; परंतु तोपर्यंत देणग्या जाहीर झाल्या होत्या आणि आराखडेही निघाले होते. तिसरे कारण म्हणजे १८५७ मध्ये सुरू झालेली, जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळा. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हा वास्तुशिल्पाचा अध्यापक म्हणून तेथे आला आणि पुढील दहा वर्षे राहिला. (रडयार्ड किपलिंग हा त्याचा मुलगा, त्याचा जन्म त्याच वर्षी मुंबईत झाला.) जमीन, पैसा आणि छिन्नी चालविण्याचे शिक्षण ही तिन्ही एकाच दशकात एकत्र आली. इंग्लंडमध्ये त्या काळी गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन चालू होते, आणि ती शैली शिल्पावाचून अपुरी समजली जात असे. त्यातून हे दगडी प्राणिसंग्रहालय जन्मास आले.

येथे एका पारिभाषिक शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. छपरावरील पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारे जे प्राणिमुख, त्यास युरोपात गार्गॉइल म्हणतात. हा शब्द घसा ह्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला असून त्यात घशातून येणाऱ्या पाण्याच्या खळखळाटाचा ध्वनी ऐकू येतो. मराठीत साध्या पन्हळीखेरीज ह्या वस्तूस रूढ शब्द नाही. पण वस्तू मात्र परिचित आहे. मंदिराच्या गर्भगृहातून अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारे मकरमुख किंवा गोमुख हेही मुखच, आणि त्यातूनही पाणीच पडते. फरक असा, की एकातून पडणारे पाणी माणूस टाळतो आणि दुसऱ्यातून पडणारे ओंजळीत धरतो. मुंबईच्या इमारतींवर जी प्राणिमुखे दिसतात ती सगळीच पाणी वाहणारी नाहीत. कित्येक केवळ शोभेची आहेत. हा भेद पुस्तकातून ठरविण्यापेक्षा जुलैच्या एखाद्या दुपारी छत्री घेऊन जावे. जे ओकते ते गार्गॉइल.

फेरीचा आरंभ मंडईपासून करावा. विल्यम इमर्सन ह्याने आराखडा केलेली ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्याचे नाव तिला मिळाले. आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, आणि बोलण्यात मात्र अजून क्रॉफर्ड मार्केटच. प्रवेशद्वारांच्या कमानींवरील उठावशिल्पे लॉकवुड किपलिंगची आहेत. त्यांत शेतकरी आहेत, ते कामात गुंतलेले आहेत, आणि शेत गव्हाचे आहे. मुंबईच्या भोवतालचा मुलूख भाताचा. दख्खनच्या पठारावर गहू पिकतो हे खरे, म्हणून ह्या गव्हाला चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु गव्हाची पेंढी ही युरोपीय शिल्पातील शेतीची शतकानुशतके चालत आलेली खूण आहे, आणि किपलिंगच्या हाताने ती सहज उचलली असावी असे वाटते. माणसे येथली, त्यांचे अवयव व हालचाल प्रत्यक्ष पाहून टिपलेली. पण त्यांच्या भोवतालचे पीक मात्र शिल्पपरंपरेतून आलेले. पुढे सर्वत्र जे आढळावयाचे आहे त्याचा हा पहिला नमुना होय.

मंडईहून दक्षिणेस निघाले की डाव्या हातास पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस लागते. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, आणि जुन्या पिढीच्या तोंडी अखेरपर्यंत बोरीबंदरच राहिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्याची ही वास्तू १८७८ ते १८८८ ह्या दरम्यान उभी राहिली, आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. तिचे मुख पश्चिमेस असल्याने दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. सकाळी तेच सपाट भासते. घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे : एका हातात उंचावलेली मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. प्रवेशाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. प्रगतीची मूर्ती आणि ही जोडी थॉमस अर्प ह्या इंग्रज शिल्पकाराच्या नावावर आहेत. घड्याळाखालील कोनाड्यात राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलविण्यात आला. कोनाडा तसाच आहे. वाक्यातून कर्ता गळावा आणि क्रियापदाने त्याचे लिंगवचन सांभाळून ठेवावे, तसा तो रिकामा कोनाडा आजही राणीच्या मापाचा आहे.

परंतु ह्या वास्तूचे खरे वैभव ह्या ठळक मूर्तींत नसून खाली, हाताच्या अंतरावर येणाऱ्या स्तंभशीर्षांत आणि कमानींच्या पायथ्याशी आहे. मोर, माकडे, मुंगूस, मगरी, सरडे, घुबडे पानांच्या गर्दीतून डोकावतात. हे काम कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. किपलिंग १८७५ मध्ये लाहोरास गेल्यानंतर शाळेची धुरा ज्याच्याकडे राहिली तो जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होता. स्थानकाचे नक्षीकाम आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती ही एकाच शाळेची, जवळजवळ एकाच काळातील कामे होत, हे ध्यानात ठेवून त्या मोराकडे व माकडाकडे पाहिले म्हणजे त्यांच्यातील जिवंतपणाचे आश्चर्य थोडे कमी होते. अजिंठ्याच्या छतांवरील पानाफुलांतून वावरणारे प्राणी ज्या डोळ्यांनी महिनोन्‌महिने पाहिले असतील, त्यांना गॉथिक पानांत प्राणी बसविणे अवघड जाऊ नये.

ह्या सर्व कामाची रीत भाषेच्या अभ्यासकास परिचित वाटेल, पण उलटी वाटेल. मराठीने फारसीतून अर्ज, दफ्तर, फिर्याद असे शेकडो शब्द घेतले. परंतु 'अर्जाला', 'दफ्तरात', 'फिर्यादीने' असे त्यांना मराठी प्रत्यय लावले आणि मराठी वाक्यात बसविले. शब्द परका, व्याकरण घरचे. कोटातील गॉथिक इमारतींत ह्याच्या नेमके विरुद्ध घडलेले दिसते. मुंगूस आणि मगर घरची. पण त्यांची जागा, त्यांचे आकारमान, त्यांनी कोठून डोकवावे व कोठे थांबावे, हे सगळे उत्तर फ्रान्समधील आणि इंग्लंडमधील चर्चच्या नियमांनी ठरविलेले. अंबरनाथच्या १०६० मधील शिवालयासारख्या मंदिरांत खांबाच्या माथ्यावरील कीचक तुळईचा भार पेलतात, निदान पेलल्याचा आव तरी आणतात. त्यांचे फुगलेले गाल आणि वाकलेले गुडघे त्या भाराचेच वर्णन करतात. बोरीबंदरचे माकड काहीच पेलत नाही. ते पानांआडून पाहते आणि मजेत असते. स्थानिक शब्दसंग्रहाने सजलेली ही वाक्ये मुंबईची वाटतात, आणि वाचू गेल्यास विलायती निघतात.

अर्थात हे रूपक फार ताणू नये. भाषा लाखो बोलणारे मिळून घडवितात. इमारतीस पैसे देणारा एक असतो आणि आराखडा करणारा एक. म्हणूनच दादाभाई नौरोजी मार्गावर काही पावलांच्या अंतराने व्याकरण एकदम बदलू शकते. ह्याच मार्गावरील वाच्छा अग्यारीच्या दाराशी मानवी मुखाचे, पंख असलेले बैल उभे आहेत. त्यांचे पूर्वज अश्शूरच्या राजवाड्यांत आणि इराणात पर्सिपोलिसच्या द्वाराशी आढळतात. एकोणिसाव्या शतकात त्या अवशेषांची चित्रे प्रसिद्ध झाल्यावर मुंबईच्या पारशी समाजाने आपल्या प्राचीन इराणाशी असलेले नाते दगडात सांगण्यासाठी ही भाषा निवडली. येथे प्राणी पानांआडून डोकावत नाही. तो दार राखतो. स्टीव्हन्सच्याच हातची महानगरपालिकेची १८९३ मधील इमारत आणि तिच्या माथ्यावरील पंखधारी नगरदेवता, किंवा चर्चगेटसमोरील रेल्वे कचेरीच्या शिखरावरील, हाती इंजिन घेतलेली अभियांत्रिकीची मूर्ती, ह्या त्याच काळातील. पण त्यांच्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. अमूर्त कल्पनेला स्त्रीरूप देऊन तिच्या हाती एखादी वस्तू ठेवावयाची, ही युक्ती एकदा कळली की सर्वत्र सारखीच आहे.

हुतात्मा चौकातून पश्चिमेस वळल्यावर उच्च न्यायालय येते. कर्नल जेम्स फुलर ह्याने आराखडा केलेली ही इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या शिखरांवर न्याय आणि दया ह्यांच्या मूर्ती आहेत. पण लोकांच्या तोंडी आहे ते माकड. आत एका स्तंभशीर्षावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती वेडावाकडा तराजू धरलेले माकड कोरलेले आहे, आणि गळ्याशी वकिली पट्टी लावलेला कोल्हाही आहे. ह्याविषयी अशी कथा सांगतात, की एका पारशी ठेकेदाराचा खटला ह्या कामासंबंधाने निघाला, त्यात तो हरला, आणि त्याने अशा रीतीने सूड उगविला. कथा सुरेख आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. मध्ययुगीन युरोपातील चर्चमध्ये धर्मगुरूच्या वेषातील कोल्हा, उपदेश ऐकणारी बदके आणि न्याय करणारी माकडे विपुल सापडतात; गॉथिक कोरीवकामात ह्या थट्टेला परंपरेनेच जागा राखून ठेवलेली होती. शब्दाची वंशावळ विसरली गेली म्हणजे समाज त्याला नवी, समजेलशी व्युत्पत्ती देतो. तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ठेकेदाराची कथा ही ह्या माकडाची लोकव्युत्पत्ती समजण्यास हरकत नाही. ती खोटी ठरली तरी निरुपयोगी ठरत नाही : न्यायालयाविषयी मुंबईकरांना काय म्हणावयाचे होते, हे तिच्यातून चांगलेच कळते.

न्यायालयालगत विद्यापीठ आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्याने कधीही हिंदुस्थानात पाऊल न ठेवता लंडनमध्ये बसून त्याचे आराखडे केले. मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद ह्यांनी २ लाख रुपये दिले आणि आईचे, राजाबाईंचे, नाव त्यास देवविले. १८६९ मध्ये पाया घातला गेला. २८० फुटांचा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. ओव्हल मैदानाच्या बाजूने पाहिल्यास त्याच्या अंगावर पुरुषाकृती दिसतात. त्या एकूण २४ आहेत आणि पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींचे प्रतिनिधी म्हणून त्या तेथे उभ्या आहेत : राजपूत, पारशी, कच्छी, काठेवाडी, असे. ह्या आकृतींचे नमुने रावबहादुर मुकुंद रामचंद्र ह्यांनी तयार केले. ते साहाय्यक अभियंता होते.

ह्या २४ आकृतींकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. कोटातील इमारतींवर मानवी चेहरे दोन प्रकारे येतात. डेव्हिड ससून वाचनालयाच्या दारावर डेव्हिड ससून ह्यांचे मुख आहे. बोरीबंदरच्या दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांची वर्तुळाकार उठावचित्रे आहेत, आणि त्यांत जमशेटजी जीजीभाई व जगन्नाथ शंकरशेट हेही आहेत. हे चेहरे म्हणजे विशेषनामे. नाक, दाढी, गालाची ठेवण त्या त्या माणसाची. दुसऱ्या कोणास ती चालणार नाही. मनोऱ्यावरील आकृती सामान्यनामे आहेत. तेथील काठेवाडी हा कोणी एक काठेवाडी नव्हे. तो सगळेच काठेवाडी. देशातील पहिली शिरगणती १८७२ ची. 'द पीपल ऑफ इंडिया' हा छायाचित्रांचा अष्टखंडी संग्रह, ज्यात माणसे जातीच्या नावाखाली मांडलेली आहेत, तो १८६८ ते १८७५ मधला. मनोरा नेमका ह्याच वर्षांत चढत होता. माणसांची प्रकारांत वाटणी करून ती शासनाच्या कपाटात ठेवण्याची जी वृत्ती त्या काळी प्रबळ होती, तिचेच हे दगडी पान आहे, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. दाता होण्याइतका पैसा असेल तर हिंदी माणूस विशेषनाम होऊ शकत असे. एरवी त्याला सामान्यनामावर समाधान मानावे लागे.

आज ह्या आकृती ओळखणे कठीण झाले आहे, आणि त्याचे कारण केवळ उंची नव्हे. १८७८ मधील पादचारी डोक्यावरील वस्त्रावरून माणसाची जात, प्रांत आणि धंदा क्षणात सांगू शकत असे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी–इंग्रजी कोशात पागोटे, मुंडासे, मंदील अशा शब्दांना स्वतंत्र नोंदी मिळाल्या, कारण त्या वस्तू स्वतंत्र होत्या. पुढे टोपी आली, मग उघडे डोके आले. वस्तू गेल्या, त्यांतील भेद गेले, आणि शब्द उरले ते समारंभापुरते. परिणामी मनोऱ्यावरील मजकूर आहे तसा आहे, पण तो वाचण्याचा कोश हरवला आहे. भाषाशास्त्राच्या आणि इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दुर्बीण, जुनी छायाचित्रे आणि मोल्सवर्थ घेऊन ओव्हलवर काही दुपारी घालविल्या तर त्या कोशाची काही पाने परत जुळविता येतील. हे काम लवकर व्हावयास हवे, कारण मऊ दगडावर समुद्राची खारी हवा आणि रस्त्यावरचा धूर ह्यांचा परिणाम प्रथम नाकाडोळ्यांवर आणि पगडीच्या घड्यांवरच होतो.

मुकुंद रामचंद्र ह्यांचे नाव नोंदले गेले, पण शिल्पकार म्हणून नव्हे, अभियंता म्हणून. निदान ते नोंदले गेले. कुर्ल्याचा व मालाडचा पिवळसर आणि पोरबंदरचा मऊ दगड ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नीखाली घेतला ते पाथरवट मात्र बहुतेक अनामच राहिले. इमारतीच्या इतिहासात आराखडा करणारा येतो, देणगीदार येतो, पाया घालणारा लाटसाहेब येतो, शाळेचा अध्यापक येतो. आणि ज्याने मुंगसाच्या शेपटीचा प्रत्येक केस वेगळा केला तो 'शाळेचे विद्यार्थी' किंवा 'देशी कारागीर' ह्या शब्दांत मावतो. मनोऱ्यावरच्या आकृतींना निदान जात तरी आहे.

ह्यानंतर महात्मा गांधी मार्गावरील न्यू इंडिया अॅशुरन्सच्या इमारतीसमोर येऊन उभे राहिले म्हणजे बदल डोळ्यांत भरतो. मास्टर, साठे आणि भुता ह्या वास्तुकारांनी १९३० नंतरच्या दशकात बांधलेल्या ह्या इमारतीवरील शिल्पे ना. ग. पानसरे ह्यांची. येथे पाने नाहीत, डोकावणारे प्राणी नाहीत. सरळ वर गेलेल्या उभ्या रेषांच्या भिंतीवर भव्य मानवाकृती आहेत, आणि त्या काम करीत आहेत : शेतकरी, कुंभार, सूत कातणारी स्त्री. त्यांच्या ताठरपणात प्राचीन मिसरी शिल्पाची छाया आहे, आणि ती त्या काळी जगभर पसरलेल्या आर्ट डेको शैलीतून आली आहे. तेव्हा व्याकरण येथेही संपूर्ण घरचे नाही. पण वाक्यातील पदांचे स्थान बदलले आहे. मंडईच्या कमानीवरील शेतकरी कमानीपुरता होता, इमारतीचे विशेषण होता. येथे तो कर्ता आहे; त्याच्या मापाने भिंत आखली आहे. विमा कंपनी स्वदेशी भांडवलाची, काळ चरख्याचा, आणि शिल्पकार मुंबईचा मराठी माणूस, हे सगळे त्या बदलामागे आहे. हे चेहरेही सामान्यनामेच आहेत हे खरे. परंतु आता त्यांचे वर्गीकरण पगडीने नव्हे, हातातील कामाने झाले आहे.

तेथून हुतात्मा चौक काही मिनिटांच्या अंतरावर आहे. कोटाचे चर्चगेट जेथे होते त्या जागी १८६४ मधले, जेम्स फोर्सिथ ह्याने पोर्टलंडच्या दगडात कोरलेले फ्लोराचे कारंजे उभे आहे. माथ्यावर फुलांची रोमन देवता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी ह्याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. १९६१ मध्ये कारंज्याजवळ स्मारक उभे राहिले, त्यावर शेतकरी आणि कामगार मिळून एक मशाल धरून आहेत. बोरीबंदरच्या घुमटावर प्रगतीच्या हातात आहे तीही मशालच. स्मारकाची मात्र रस्त्यावरून, दुर्बिणीवाचून दिसते.